उणे गोट्या

या रे लेकरांनो, जवळ सरका, गोड कथा ऐका.

तिसरीतल्या सुगंधाने चिंचेच्या लोभाने गणिताच्या तासाच्या, वजन घटवणाऱ्या उणे गोट्या फ्रॉकच्या खिशांत कोंबल्या आणि ती फुग्यासारखी वर गेली. चिंचा मिळाल्या, पण ती थांबेना. झाडाच्या शेंड्याच्याही वर निघाली. वजन वाढवणाऱ्या अधिक गोट्या कपाटात, अन् किल्ली मुख्याध्यापकांबरोबर तालुक्याला! गणिताच्या ढवळेबाईंनी पांडुरंगाचा धावा मांडला.

“बाई, मी चालले देवाघरी!” सुगंधा रडली.

“चिंचा सोडू नकोस, बावळे!” खालून तिच्याच वर्गातली तस्लिमा ओरडली. “गोट्या सोड, एकेक! उणं काढलं की वजन वाढतं!”

हाच नियम शिकवताना बाईंचा आठवडाभर घसा बसला होता. एकेक गोटी आभाळात सोडत सुगंधा अलगद बाईंच्या कुशीत उतरली.

उण्यातून उणे वजा करताना अडलात, तर बाळांनो, आमच्या तस्लिमाची आठवण काढा.