कपाटातले पंखे

टीव्हीच्या बंद कपाटात घरातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा रेकॉर्डर तापून बंद पडायचा, म्हणून परगावी राहणाऱ्या मुलाने आत दोन छोटे पंखे बसवून घेतले. मेकॅनिकने ते टीव्हीलाच जोडले. टीव्ही लावला की पंखे सुरू.

"मग काळजीच नको," एकटे राहणारे बाबा हसले. "माझा टीव्ही दिवसभर चालूच असतो."

महिन्याभराने मुलाचा मेकॅनिकला फोन आला. "अहो, हा माझा तिसरा फोन! चार दिवस झाले, मोबाईलवर घर दिसत नाहीये. पंखे गेले वाटतं."

बेल वाजवूनही कुणी उघडेना, तेव्हा मेकॅनिकने शेजाऱ्यांना बोलावून दार फोडलं. पंखे धडधाकट होते. टीव्हीच कुणी लावला नव्हता. बाबा पलंगावर केव्हाच गार पडले होते.

उशाशी त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला होता.

त्यावर मुलाचा एकही मिस्ड कॉल नव्हता.