हवालदाराची रजा

"रजा द्या, नाहीतर माझा नवरा तुमच्याकडेच ठेवून घ्या," शैला तुरुंग अधीक्षकांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली. तिचा नवरा निवृत्ती इथेच हवालदार होता. दिवसपाळी संपली की बदली माणूस नाही म्हणून त्याला रात्रीही थांबवत. घरी आला की आधी बाटली उघडायचा. काल लेक जवळ गेली, तर कैद्यावर खेकसावं तसा तिच्यावर खेकसला.

"बाई, माणसंच नाहीत तर रजा कुठून देऊ?" साहेब वैतागले. "कैदी दुप्पट, शिपाई निम्मे. वरून रोज फोन."

"म्हणून त्यांनी पीत राहायचं?"

साहेब उत्तर द्यायला पुढे वाकले. बडीशेपेचा वास आला, आणि त्याखालून दुसरा, तिच्या चांगल्याच ओळखीचा. अजून दुपारही झाली नव्हती. 

"साहेब, तुमच्या घरी माहीत आहे का?" तिने हळू विचारलं.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग हवालदार निवृत्तीच्या रजेच्या अर्जावर सही केली.

"तुम्ही निदान भांडायला आलात," ते म्हणाले. "आमची ही भांडली नाही. सरळ माहेरी निघून गेली."