ओळख परेड

"फोटो छापू नका, साहेब," कुसाबाई म्हणाल्या आणि रविराजच्या पायाशी वाकल्या.

रविराज खुर्ची मागे सारून उठला. नाशिकमधल्या त्याच्या छोट्याशा दैनिकाच्या कचेरीत पाया पडायला येत ते फक्त निवडणुकीतले उमेदवार, आणि तेही मतदानापर्यंतच.

"अहो मावशी, उठा. फोटो उद्याच्या अंकात लागलाय."

"काढून टाका. शनवार होऊ द्या. मंग काय छापायचं ते छापा, रोज छापा. मी नाय यायची परत."

कुसाबाईंचा मुलगा रोहित खुनाच्या आरोपाखाली आत होता. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडणारी मीना एका संध्याकाळी बागेत मेलेली सापडली होती. बागेतून पळणारा माणूस एकट्या केरूनं पाहिला होता, आपल्या टेम्पोच्या उजेडात. शनिवारी कारागृहात ओळख परेड होती. रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून केरूनं आपण पाहिलेला माणूस दाखवायचा होता. तोवर पोलीस रोहितला तोंडावर बुरखा घालूनच न्यायचे-आणायचे, त्यामुळे त्याचा चेहरा कुठल्याच पेपरला मिळाला नव्हता. रविराजला मिळाला होता, कुणाच्या तरी मोबाईलमधल्या जत्रेच्या फोटोत.

"दोन दिवसांनी असा काय फरक पडणार आहे?" त्यानं विचारलं.

कुसाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. खाली टपरीवर त्यांचे दीर चहा पीत बसले होते. रोहितला वकील त्यांनीच दिला होता.

"मी काय मागाया आले ते त्यांना सांगू नका," त्या हळूच म्हणाल्या. "लय उपकार होतील."

घरच्या माणसांपुढं पदर पसरायची बाईला लाज वाटते, एवढं रविराजला कळत होतं. आईची माया आंधळी असते, हे तर त्यानं अग्रलेखातही लिहिलं होतं. त्याला दया आली. पत्रकाराचं काळीज द्रवलं तरी आठ कॉलमांत द्रवतं, तसं त्याला त्या दयेतूनच मथळा सुचला. कुसाबाई जिना उतरून जाईपर्यंत त्यानं तो टाईपही केला.

शुक्रवारी पहिल्या पानावर रोहितचा चेहरा झळकला. वर 'हाच तो नराधम!' आणि खाली चौकटीत 'माझा मुलगा निर्दोष: आईचा टाहो'. कुसाबाई असं काहीच बोलल्या नव्हत्या. पण आई दुसरं काय बोलणार?

शनिवारी केरूनं रांगेतल्या रोहितकडे बोट दाखवलं.

पुढं खटला चालायला दोनेक वर्षं गेली. मधल्या काळात रविराजला उच्च न्यायालयाची अवमानाची नोटीस आली. त्यानं बिनशर्त माफी मागून सुटका करून घेतली. खटल्यात रोहितच्या वकिलानं केरूपुढं तो शुक्रवारचा अंक धरला. परेडच्या आधी हा फोटो पाहिला होता का? "पाह्यला व्हता," केरू म्हणाला, "स्टँडवर सगळेच बघत व्हते." साक्षीदारानं माणूस ओळखला की छापलेला फोटो, हे ठरवता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. दुसरा धड पुरावा नव्हता. संशयाचा फायदा देऊन रोहितला सोडण्यात आलं.

आधीची माफी कागदावरची होती, आता मात्र रविराजला खरंच टोचणी लागली. एका निरपराध पोराला आपण नराधम ठरवलं, आणि तेही त्याची आई पायाशी वाकलेली असताना. न्यायालयानं 'संशयाचा फायदा' म्हटलं होतं, पण जित्याची खोड. रविराजनं मनातल्या मनात 'निर्दोष' असा मथळा देऊनही टाकला. त्याला जेवण गोड लागेना. शेवटी त्यानं कुसाबाईंच्या दिरांना फोन केला. "पोराला मी घरी सोडतो. तेवढंच माझं पाप फिटेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नाशिकरोडला कारागृहाच्या दाराशी गाडी घेऊन उभा राहिला. रोहित येऊन शेजारी बसला. बारीक अंगाचा, मऊ आवाजाचा. त्यानं आपल्या बाजूची काच वर केली, एसीही बंद करायला लावला. ओझर आलं. तरी तो नुसता समोर बघत होता.

"मला माफ कर," रविराजच्यानं राहवेना. "तुझ्या आईचं ऐकायला हवं होतं मी."

"आईचं?"

"आल्या होत्या ना माझ्याकडे. फोटो छापू नका म्हणून पाया पडल्या."

रोहितनं पहिल्यांदा मान वळवली. "कधी?"

"परेडच्या आधी. शनिवारपर्यंत थांबा म्हणत होत्या."

"शनवारपर्यंत." रोहित हसला. "मला कधी बोलली नाय."

"आईच ती. केलेलं बोलून दाखवत नाही."

"नाय दाखवत," रोहित म्हणाला आणि पुन्हा समोर बघू लागला.

घर वस्तीपासून बाजूला, बागेच्या कडेला होतं. दिवस मावळत आला होता. पाखरं हाकलायला बांधलेल्या चमकत्या पट्ट्या वेलींवर सळसळत होत्या. रोहित मागच्या सीटवरून आपली पिशवी काढत होता, तेवढ्यात रविराजनं पुढं होऊन कडी वाजवली.

"मावशी, दार उघडा! बघा कोणाला आणलंय!"

आत पावलं वाजली. दार काही उघडलं नाही.

"साहेब?" फटीतून आवाज आला, अगदी जवळून. "तो संगं हाय?"

"आहे ना! सुटला, मावशी. तो टेम्पोवाला खोटा पडला."

"टेम्पोवाला खरंच बोलला व्हता." कुसाबाई दाराआडून म्हणाल्या. "त्या दिवशीचा शर्ट मीच धुतला, साहेब. मला काय तोंड उघडवंना. म्हणलं, केरू वळखंल, मंग कोरट काय याला सोडायचं नाय. तेवढ्यासाठी तर तुमच्या पाया पडले."

रविराजला मागं वळवेना. ओट्यावर पिशवी टेकल्याचा आवाज झाला. त्याच्या खांद्यावरून एक हात पुढं आला आणि कडीवर स्थिरावला.

"दार उघड, आई," रोहित मऊ आवाजात म्हणाला. "साहेब निघालेत आता."