नाव घ्या

एटापल्लीकडच्या जंगलात, फळीवर, म्हणजे तेंदूपानं गोळा करायच्या केंद्रावर, वकिली शिकणारी कांता मांडीवर मजूर बायांच्या संघटनेचा अर्ज घेऊन बसली होती. ठेकेदार म्हणत होता, मजूर म्हणजे नवरे. बायांची कसली आली संघटना? सात जणींची नावं भरली, की अर्ज नोंदणीला जाणार होता.

“सोमारीबाई, मालकाचं नाव सांगा. इथी रकाना आहे.”

सोमारीने पदर तोंडाला लावला. “घरधन्याचं नाव घेत नाई आमी, बाई.”

“मंग रुखमाबाई, तुमी सांगा हिच्या मालकाचं.”

“अवो, तो भासरा लागते माहा, घरधन्याचा मोठा भाऊ!” रुखमा लाजली, तशा सगळ्या खुदखुदल्या.

कांताला नवलच वाटलं. “मंग फळीचा मुन्शी रोज वहीत नाव कसा लिहिते?”

“त्याले काऊन सांगा लागते? आमचं तोंड पाह्यलं, का मालकाचं नाव लिहून टाकते.”

“अन् तुमचं?”

“ते कोनी इचारलंच नाई.”

कांताने तो रकाना आडवी रेघ मारून सोडून दिला. “आपलं नाव घ्याले तर मनाई नाई ना?”

सोमारीने तोंडावरचा पदर बाजूला केला. मग पहाटे देवाचं घ्यावं तसं, हळूच, तिने स्वतःचं नाव घेतलं. मागोमाग बाकीच्या सहा जणींनीही घेतलं.

दुसऱ्या दिवशी कांताने दिलेली सात नावांची नक्कल वाचून मुन्शी बुचकळ्यात पडला. समोर पानांचे पुडे मांडत बसलेल्या बाईलाच त्याने विचारलं,

“ही सोमारी कोन वो?”

“पानं तोडते ते,” सोमारी म्हणाली.