टेबलावरची अंगठी

“लाईन सोड वं हर्षा. तुहा सासरा तोंड उघडून श्वास ओढून राहिला. मशीन बंद पडलं त्याचं.”

फोनवर सुभद्रा होती, हर्षाची सासू. तिच्या आवाजाला नेहमीची धार नव्हती. हर्षाला भीती वाटली ती त्याचीच.

हुडकेश्वरच्या वीज उपकेंद्रात हर्षा एकटी होती. मे महिन्याची दुपार. समोरच्या पेटीचं हँडल खाली ओढलेलं. ते वर केलं की घरातलं श्वासाचं मशीन तत्काळ सुरू झालं असतं. हात लांबवला की पुरेल, एवढंच काय ते अंतर. पण टेबलावर स्टीलच्या वाटीत जितेंद्रची तांब्याची अंगठी पडलेली होती.

रीत साधी होती. खांबावर चढणाऱ्या वायरमनने अंगठी काढून त्या वाटीत ठेवायची. उतरला की स्वतः येऊन उचलायची. अंगठी वाटीत आहे तोवर लाईन सोडायची नाही, मग दारात देव येऊन उभा राहो. ही रीत पाडली ताराचंदने, हर्षाच्या सासऱ्याने. उभा जन्म तारांवर काढलेला माणूस. आता छातीत दम उरला नव्हता, म्हणून ते मशीन.

हर्षाला ही नोकरी नकोशी झाली होती. हँडल खाली, हँडल वर. ह्यात माणसाने जीव कुठे लावायचा? घरी सासू सगळ्यांदेखत म्हणायची, “आमची सून खुर्ची उबवाले जाते. तिच्याहून कोंबडी बरी, उबवलं तं पिल्लं तरी निघतात.” बोलणं झोंबायचं, कारण हर्षालाही मनातून तसंच वाटायचं. आज पाळी संपली की साहेबांना सांगून मोकळं व्हायचं, हे तिने सकाळीच ठरवलं होतं.

तिने जितेंद्रला फोन लावला. तो वाजला तिच्याच टेबलावर, वाटीच्या मागे. अंगठीसोबत फोनही ठेवून गेला होता बहाद्दर.

तेवढ्यात फाटक आपटलं. वस्तीतली माणसं आत घुसली. सर्वांत पुढे दुर्गेश, कोपऱ्यावरचा कूलरवाला.

“ताई, लाईन काहून नाही सोडून राहिल्या? लेकरं भाजून राहिली घरात.”

“वायरमन वर आहे.”

“वर? मी आत्ताच पाहून आलो ना त्याले. पानठेल्यावर खर्रा घोटून राहिला तो. अन् तुम्ही बसा इथं त्याची पूजा करत.”

लोक हसले. हर्षाच्या मनात आलं, खरंच उतरला असेल तर? जितेंद्रला सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची तलफ आवरत नाही, हे सगळ्या हुडकेश्वरला ठाऊक. तो तिकडे चघळत उभा असेल आणि घरी सासरे, मामाजी, श्वासासाठी... तिचा हात आपसूक उठला. बोटं हँडलला लागली.

मग नजर वाटीकडे गेली. अंगठी तिथेच होती. हर्षाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“तुमच्यानं होत नसन तं सरका बाजूले. मी करतो,” दुर्गेश म्हणाला आणि पुढे आला.

हर्षा हँडलला पाठ लावून उभी राहिली.

“आधी मले ओढा इथून,” ती म्हणाली. “मंग लावा हात.”

परक्या बाईला हात कोण लावणार? माणसं उभ्या उभ्या शिव्या देत राहिली. हर्षाचं लक्ष शिव्यांकडे नव्हतं, फोनकडे होतं. तो वाजत नव्हता. सुभद्रा एकदा सांगून गप्प बसणारी बाई नव्हती. चहात साखर कमी पडली तर दहादा ऐकवणारी ती. तिचा दुसरा फोन आला नाही, याचा अर्थ एकच होता. हर्षा तो अर्थ मनात शिरू देत नव्हती, पण तो दारातच बसून होता.

कितीतरी वेळाने जितेंद्र आला. तोंड उन्हाने काळंठिक्कर, शर्ट अंगाला चिकटलेला.

“नाल्यापलीकडं तार जळाली होती. आत्ता उतरलो, ताई.”

“पानठेल्यावर नव्हता तू?”

“तार हातात धरून खर्रा घोटू का मी?”

त्याने वाटीतली अंगठी उचलून बोटात घातली. दुर्गेश खाली जमिनीकडे पाहत राहिला. हर्षाने हँडल वर केलं. डोक्यावरचा पंखा फिरला. माणसं निघून गेली.

तिने घरी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला. पुढच्या पाळीचा माणूस येताच ती जितेंद्रच्या गाडीवर बसून निघाली.

घरासमोर चपलाच चपला. शेजारच्या बाया ओट्यावर गप्प बसलेल्या. आणि उंबरठ्यावर हिरव्या बांगड्यांचे तुकडे.

सवाशिणीच्या बांगड्या केव्हा फुटतात, हे कोणाला सांगावं लागत नाही. हर्षा तिथेच खाली बसली.

सुभद्रा बाहेर आली. दोन्ही हात भुंडे. उजव्या मनगटावर रक्त सुकलेलं.

“माझ्यामुळं झालं, आत्याबाई,” हर्षा म्हणाली. “हात पुरत होता माझा.”

“ऊठ वं, दारात काय बसली? जिता आहे तो, मशीनवर. मी बाहेर येऊन तुले दुसरा फोन लावत होती, तं बुढा सरपटत आला मांगं. दोन्ही मनगटं धरली, सोडेचना. बांगड्या फुटल्या, फोन फुटला. श्वास घ्याले दम नाही, पण म्हणे, तिचा हात हलू देऊ नको, खांबावर कोणाचं तरी लेकरू असन.” सुभद्राने पदराने मनगट पुसलं. “जा, तोंड दाखव त्याले. मघापासून एकच इचारून राहिला, अंगठी उचलली का म्हणून.”