बारा ते दोन

बाराची घंटा झाली आणि ल्युसेतबाईंनी तेवीस भुकेल्या सायकलस्वारांच्या तोंडावर आपल्या कॅफेचं दार लावलं. दारावर पाटी अडकवली: ‘जेवणासाठी बंद’.

आत खिडकीजवळच्या टेबलाशी मोंब्रुल या छोट्या फ्रेंच गावाचे सरपंच फेर्दिनां ओलिवे गळ्यात रुमाल खोचून बसले होते. बायको गेल्यापासून अकरा वर्षं ते रोज इथंच जेवत. माणसाला कुठंतरी जेवावं लागतंच. ल्युसेतबाईंनी त्यांच्यापुढं बदकाची तंगडी आणि लसणातले बटाटे ठेवले, समोर स्वतःचं ताट घेतलं. काचेला नाक लावून एक डच गृहस्थ आत बघत होता. त्याच्या नाकावर त्यांनी पडदा ओढला.

“ऑक्टोबरअखेर कॅफे बंद करते,” त्या म्हणाल्या. “तुलूझला लेकीकडे जाते. दिवसाला चार कॉफ्यांवर भागत नाही, सरपंच.”

सरपंचांच्या घशात बटाटा अडकला. पोस्ट गेलं होतं, शाळा गेली होती, बेकरी गेली होती. आता कॅफे गेला की गावात उरणार युद्धातल्या शहिदांचा खांब आणि ते स्वतः.

“अहो, पण बाहेर तेवीस गिऱ्हाइकं उभी आहेत!”

“बारा वाजता आलीत. बारा ते दोन जेवायची वेळ.”

सरपंचांनी चीज मागितलं.

अडचण नदीची होती. लोत नदीच्या काठाकाठानं येणारे सायकलवाले आदल्या गावातून आठला निघत आणि मोंब्रुलला बरोब्बर बाराला पोहोचत. दोनला कॅफे उघडायचा तेव्हा ते पुढच्या गावात पोट भरून ढेकर देत असत.

सरपंचांनी गावसभा बोलावली. कोणीतरी नवख्यानं सुचवलं, की ल्युसेतबाईंनी जेवणाची वेळ बदलावी. सभागृहातल्या सगळ्यांनी मान वळवून असं पाहिलं, की त्या माणसानं टोपी उचलली आणि आपणहून बाहेर गेला.

“माझा बाप खंदकात होता,” म्हातारे कामिय म्हणाले. “वरून तोफा चालू. तरी बाराला जेवला.”

जेवण हलवता येत नाही, हे ठरलं. नदी हलवायला जिल्ह्याची परवानगी लागते. मग राहिले सायकलवाले. त्यांना हलवावं, असा ठराव एकमतानं झाला.

गावचा एकुलता एक कामगार ओनोरे याला सरपंचांनी पिवळ्या पाट्या आणि रंगाचा डबा दिला. आठवडाभरात वळणमार्ग तयार झाला. गाव अर्ध्या किलोमीटरवर आलं, चर्चचा मनोरा दिसू लागला, जेवणाचा वास नाकात शिरला, की बाण डावीकडे वळायचा. तिथून पाच टेकड्या, एक दगडाची खाण, कामियच्या मेंढ्या, आणि बावीस किलोमीटरनंतर गावाचं दुसरं टोक. पाटीवर कारण लिहावं लागतं म्हणून सरपंचांनी लिहिलं: ‘दुरुस्ती’. कशाची, ते लिहिलं नाही.

“साहेब, हे लोक मरतील,” ओनोरे म्हणाला.

“व्यायामाला आलेत ना? मग!”

मंगळवारी मार्ग सुरू झाला. सरपंच बाराला जेवले, पण लक्ष लागेना. दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं तसंच राहिलं. दोनची घंटा झाली. ल्युसेतबाईंनी पाटी काढली, दार उघडलं. आणि खरोखरच टेकडीवरून ते आले. एकोणीस जण. तोंडावर घामाचं मीठ, मांड्या थरथरताहेत. पुढं एक थोराड डच बाई होती. तिनं सायकल टेबलावरच आडवी टाकली.

“जेवण!” ती म्हणाली.

सरपंचांनी अभिमानानं ल्युसेतबाईंकडे पाहिलं. ल्युसेतबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

“जेवण? आत्ता? अहो बाई, दोन वाजून गेले! दोन वाजता कोणी जेवतं का?”

एकोणीस जणांनी कॉफी घेतली. मग साखरेचे चौकोन खाल्ले. एकानं मोहरीच्या सॉसचं भांडं चमच्यानं पुसून काढलं. मग ते उठले आणि पुढच्या गावाकडे निघून गेले.

सरपंच रिकाम्या खुर्च्यांमध्ये उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

“बावीस किलोमीटर! पाच टेकड्या! मी मेंढ्यांमधून रस्ता काढला, ल्युसेतबाई! एवढ्यापेक्षा तुम्ही बाराला दार उघडं ठेवलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?”

ल्युसेतबाई कप गोळा करत होत्या. थांबल्या नाहीत.

“तेवीस जणांचं रांधायचं, वाढायचं, उष्टी काढायची. आणि तुमच्यासमोर बसून कोण जेवलं असतं?”

सरपंचांना आठवलं, की बायको होती तेव्हा हा कॅफे बाराला उघडाच असायचा. भर दुपारी गजबजलेला. ती पाटी अकरा वर्षांपूर्वीची होती.

बाहेर ओनोरे उरलेल्या रंगानं आणखी एक बाण काढत होता. सरपंच टोपी हातात घेऊन, सभेत ठराव मांडतात तशा आवाजात म्हणाले,

“संध्याकाळी सातला तुमच्याकडे काय असतं?”

“सूप. आणि कोणी नसतं.”

“मग सायकलवाल्यांना बाराला येऊ द्या. मी सातला येतो.”

ल्युसेतबाईंनी दारामागच्या खिळ्यावरून पाटी उतरवली आणि चुलीत टाकली.

“या,” त्या म्हणाल्या. “पण सरळ रस्त्यानं.”