गल्लीची रुंदी

मॉनिका गल्लीची रुंदी मोजत होती, तेव्हा व्हर्नन अंकलनी टेपच्या दुसऱ्या टोकावर चप्पल ठेवली.

"कोणासाठी मोजतेस?"

"गेमसाठी, अंकल."

व्हर्नन अंकल शेजारचेच. गोराईत जमिनीची काही भानगड निघाली की गावाच्या बाजूने पुढे उभे राहणारे. टेप घेऊन आलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. प्रत्येकाने काहीतरी कारण सांगितलं होतं. गेम हे कारण नवीन होतं.

"गेमला टेप लागते?"

"गाड्यांची शर्यत असते त्यात. जगभरचे लोक आपापल्या भागातले रस्ते बनवून टाकतात. मी आपलं गाव टाकलंय, आता मापं जुळवतेय."

"कंपनी कुठली?"

"कंपनी नाही. लोकच बनवतात. सगळं उघडं असतं, कोणीही आत बघू शकतं, कोणीही बदलू शकतं. फुकट आहे."

"मग मालक कोण?"

"मालक नाहीच."

अंकलनी पाय काढला नाही. "मालक नाही, कोणाला पगार नाही, आणि माझ्या दारापुढे किती फूट जागा आहे ते पाहिजे. कोणाला पाहिजे, तेवढं सांग ना."

मॉनिकाला राग आला. बोरिवलीच्या चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून घरी येताना होडीत तिला पहिल्यांदा हा गेम मिळाला, तेव्हा तीही बिचकली होती. फुकट म्हणजे फोनमधलं काहीतरी चोरणार, असं धरूनच चालली होती. कोणी काही मागितलं नाही. ग्रुपवर भीतभीत एक प्रश्न विचारला, तर कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी बसून समजावलं. आता तिचे निम्मे मित्र तिथलेच होते.

"घरी चला," ती म्हणाली. "स्वतः बघा."

घरी तिच्या मम्मीने, फ्लेवियाने, चहा ठेवला. "बघ बाबा तूच," ती व्हर्ननना म्हणाली. "मला काय समजत नाय. सुट्टी असली की ही त्याच्यातच."

मॉनिकाने लॅपटॉप उघडला. गाडी जेट्टीवरून निघाली. चर्च आलं, माडांची रांग आली, त्यांची स्वतःची निळी भिंत आली. अंकल पुढे झुकले.

"हे आपल्या जॉनीचं दार."

"हो."

"लोकांच्या घरांचे फोटो काढलेस तू."

"बाहेरून, अंकल."

गाडी गल्लीत वळली. मॉनिकाला वाटलं आपलं वळण चुकलं. तिने गाडी मागे घेतली, पुन्हा वळवली. गल्ली तीच होती, पण दोन गाड्या शेजारून जातील एवढी रुंद. अंकलच्या घराची भिंत सरळ कापल्यासारखी उभी होती. दार अधांतरी, खाली पायऱ्या नाहीत. दाराच्या खालून रस्ताच सुरू होत होता.

"माझा ओटा कुठंय?"

कोणी काय बदललं ते तिने उघडून पाहिलं. आदल्या दिवशी ग्रुपवरच्या फिनलंडच्या एरोने बदल केला होता. खाली बऱ्याच जणांनी अंगठे दिले होते.

"काय लिहिलंय? मराठीत सांग."

"लिहिलंय... गल्ली अरुंद होती, गाड्या अडकत होत्या. म्हणून रुंद केली. आता मस्त चालतं."

अंकल ओरडले नाहीत. "शब्दसुद्धा तेच, टेपवाल्यांचे," ते म्हणाले. "गाड्या अडकतात."

"अंकल, तो तिकडे शाळेत शिकवतो. इथे कोण राहतं ते त्याला काय माहीत?"

"ते कोणालाच माहीत नसतं."

"बंद कर ते," फ्लेविया दारातून म्हणाली.

"बंद नको करू. कोणीही बदलू शकतं म्हणालीस ना? मग हरकतपण घेता येत असेल. लिही."

ते खुर्चीत ताठ बसले आणि सरकारी साहेबासमोर बोलावं तसं सांगू लागले. "सदर ओटा माझ्या वडिलांनी बांधला. माझी बायको आयव्ही रोज संध्याकाळी तिथे बसते. गाडी अडकली तर गाडी मागे घ्यावी. ओटा हलणार नाही."

मॉनिकाने ते इंग्रजीत लिहिलं. शेवटचं वाक्यही तिने जसंच्या तसं ठेवलं.

अंकलचा चहा संपायच्या आत उत्तर आलं.

"माफी मागतोय," ती म्हणाली. "त्याला ती नुसती भिंत वाटली. ओटा परत लावलाय."

तिने गेम पुन्हा सुरू केला. गल्ली अरुंद झाली होती. ओटा होता, पायऱ्या होत्या. तिची गाडी पायरीला घासून अडकली आणि चाकं जागच्या जागी फिरत राहिली.

अंकलनी उत्तर पुन्हा वाचायला लावलं. "कागद नाही मागितले? खेपा नाहीत, तारीख नाही?"

"नाही. इथे असंच चालतं, अंकल."

"एवढ्या सहज कोणी जागा सोडत नाही, मॉनिका. विचार त्याला, बदल्यात काय पाहिजे."

"काही नको त्याला. फक्त विचारलंय, आयव्ही कोणत्या बाजूला बसतात? तिथे तो त्यांना बसवणार आहे."

अंकल उठले. पडद्यावरच्या त्या रिकाम्या ओट्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"ते सांगू नकोस. ओटा दिसला तेवढं पुरे, आमची माणसं नकोत त्यात," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

मॉनिकाने 'लेफ्ट' एवढं टाइप केलं होतं. ते तिने खोडलं.